कुडाला लावलेल्या तुंबड्या

आम्ही चौघी जणी चिपळूण आणि आसपासच्या गावांत नवरीला सजवायला जातो. दुकान नाही, पाटी नाही. एक पेटी, एक रिंग लाईट, घडीची खुर्ची आणि मोबाईल, एवढाच आमच्या धंद्याचा पसारा. ज्या घरी लग्न असेल तिथे सकाळी पोचायचे, नवरीला आणि तिच्या बहिणी-भाभींना तयार करायचे आणि निकाहची वेळ व्हायच्या आत पेटी आवरून निघायचे. आम्हाला मालक नाही, तसा पगारही नाही. काम आले तर पैसे, नाही आले तर नाही.

जूनमध्ये पाऊस धरला की बाजारात कुणीतरी ओळखीची भेटते आणि विचारते, "काय गं, सध्या रिकामीच ना?" आमच्यापैकी कुणीही असो, उत्तर एकच असते : "छे गं, रिकामी कुठली! जेवायला फुरसत नाही." हे खोटे असते. विचारणारीलाही ते कळते. ती हसते, आम्ही हसतो आणि मासळीवालीकडे वळतो.

हे खोटे आम्ही का बोलतो? ज्यात कुणाचे नुकसान नाही, कुणाला फसवून पैसा काढायचा नाही, असे खोटे इतक्या सहज तोंडातून का येते? बरीच वर्षे आम्ही या प्रश्नाकडे पाहिले नाही. मग एका पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली आणि हा प्रश्न टाळता येईना. आज तो मांडण्याचे कारण तेवढेच नाही. आपल्या मोहल्ल्यांत शिलाई करणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, डबे देणाऱ्या कितीतरी बायका आहेत. वर्षातले काही महिने त्यांचेही हात रिकामे असतात. तेव्हा स्वतःला कामात गुंतवून ठेवणे हा सद्गुण आहे का, आणि असेल तर कोणत्या कामात, हा प्रश्न त्या सगळ्यांचा आहे.

आधी हे रिकामपण येते कुठून ते सांगायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते आळशीपणासारखे दिसते.

कोकणातल्या आपल्या लोकांची लग्ने मुख्यतः दोन वेळा होतात. एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी. कुवेतहून, कतारहून, दुबईहून मुलगे सुटीवर येतात, मुंबईची माणसे गावी येतात, तेव्हा बार उडतो. पाऊस लागला की मांडव संपले. त्यावर आपला चांद्र महिना. वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून दर वर्षी सगळे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. शाबानमध्ये घाई, रमजानमध्ये बंद, शव्वालमध्ये पुन्हा घाई, मोहरममध्ये बंद, सफरमध्येही बंद. आमची निम्मी गिऱ्हाइके हिंदू घरांतली. त्यांचा चातुर्मास, पितृपक्ष, पौष आणि सुमारे तीन वर्षांनी येणारा अधिक मास यांचीही टाचणी आमच्याच कॅलेंडरवर लागते. २०२३ साली १८ जुलैला अधिक श्रावण सुरू झाला आणि दोन दिवसांच्या अंतराने मोहरम लागला. दोन्हीकडची दारे एकाच आठवड्यात बंद झाली, वर पाऊस होताच. आमच्यातली एक तेव्हा म्हणाली, "दोन्ही समाजांची एकी बघायची असेल तर आमची डायरी बघा."

त्याआधीची चार वर्षे तर मे महिना आम्ही पाहिलाच नाही म्हटले तरी चालेल. २०१८ चा अर्धा मे आणि २०१९ चा जवळजवळ सगळा मे रमजानात गेला. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. २८ जूनला महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हाही त्वचेच्या कामांना परवानगी नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये थोडी कामे आली होती, तोवर २२ एप्रिलपासून लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास असा नियम लागला. दोन तासांच्या लग्नात नवरीला दीड तास आरशासमोर कोण बसवणार? आणि २२ जुलैला, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. आमच्यातल्या दोघींच्या पेट्या तळमजल्यावर होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलात एक लिपस्टिक सापडली, तिच्यावर टोपण तसेच होते.

नोकरदाराला सुटी असते, आजारपणाची रजा असते, फंड असतो. आम्हाला यातले काही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली, तेव्हा आम्ही चौघींनी कार्डे काढली. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे यावर बरीच चर्चा झाली. ती कार्डे कपाटात आहेत. कागदावर का होईना, आपण कामगार आहोत हे त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. हा धंदा लोक नट्टापट्टा म्हणून हसण्यावारी नेतात, पण त्यातही हक्कासाठी झगडावे लागले आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बाईने केशरचना करावी, मेकअप मात्र पुरुषानेच करावा असा संघटनेचा नियम होता. दशकानुदशके तो चालला. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे बाईच्या चेहऱ्याला रंग लावण्याचा बाईचा हक्क मुंबईच्या स्टुडिओत मान्य व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

तर रिकामपण आम्ही निवडलेले नाही, ते आमच्यावर येते. ते आले की सोबत भीती येते. पहिली भीती पैशाची. दुसरी तिच्याहून खोल. लोक आपल्याला विसरतील, "ती आता करत नाही वाटतं" असे म्हणतील, आणि पुढच्या मे महिन्यात फोन वाजणार नाही. बाजारातले ते खोटे या दुसऱ्या भीतीतून येते. जिला काम नाही तिच्यात काहीतरी खोट असणार, असे आपण सगळेच मनातल्या मनात धरून चालतो. म्हणून काम नसले तरी असल्याचे दाखवायचे.

ही भीती काय काय करायला लावते, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

पहिल्यांदा आम्ही जुने फोटो नवे म्हणून मोबाईलवर टाकले. गेल्या वर्षीची नवरी या वर्षीच्या तारखेने. ती नवरी तोवर आई झाली होती. तिच्या नणंदेने ते पाहिले आणि घरात नसता गोंधळ झाला.

दुसऱ्यांदा आमच्यातल्या एकीचे ठरलेले काम दुसरीने निम्म्या भावात घेतले. सफर महिन्यातले एकुलते एक लग्न होते. नवरीच्या आईने दोघींना फोन केला, एकीचा दर दुसरीला सांगितला, आणि दुसरी घाबरून खाली आली. पुढे महिनाभर आम्ही चौघी एकमेकींशी बोलत नव्हतो. ज्या बाईने काम घेतले तिला प्रवास आणि सामान वजा जाता त्यात काही उरलेही नाही. पण तिच्यापुरता एक दिवस "कामात" गेला. नंतर ती म्हणाली, "पैशासाठी नव्हतं गं. हात थरथरायला लागले होते बसून बसून."

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. २०२२ च्या पावसाळ्यात एक माणूस पांढऱ्या डब्या घेऊन आला. गोरे करणारे क्रीम. डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, त्यात काय घातले आहे त्याची यादी नाही, तारीख नाही. आठ दिवसांत फरक, असे त्याचे म्हणणे. आणि फरक पडत होता, हीच वाईट गोष्ट. आमच्यातल्या एकीने डब्या ठेवल्या, मग दुसरीने मागितल्या. कोण कोण हे लिहिण्यात अर्थ नाही, कारण त्या डब्या अखेरीस चौघींच्या घरांत होत्या. सतरा विकल्या. बहुतेक डिसेंबरमध्ये निकाह ठरलेल्या मुलींना. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मुलीच विचारत येत, "आपा, काही आहे का?" आम्हाला वाटले, काम नाही तेव्हा हातखर्च सुटतो, गिऱ्हाइकाशी संबंध राहतो, आपण बसून नाही. "काहीतरी करते आहे" या समाधानाला तेव्हा आम्ही बरकत म्हणत होतो.

२०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी आली. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली होती. कारण शोधता शोधता डॉक्टर गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचले आणि त्यात पारा सापडला. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. क्रीम लावलेल्या हाताने बाळाला घेतले तर बाळालाही बाधू शकतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे डोळ्यांची प्रसाधने सोडली तर इतर कोणत्याही प्रसाधनात दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, आणि तोही मुद्दाम घातलेला नव्हे, अनवधानाने आलेला. ती बातमी आम्ही चौघींनी एकाच मोबाईलवर वाचली. आमच्या डब्यांत पारा होता की नव्हता ते आम्ही तपासून घेतले नाही. तपासायला लागेल असे ज्या वस्तूबद्दल वाटते, ती दुसऱ्याच्या मुलीच्या चेहऱ्यावर आपण लावली, एवढे पुरेसे होते.

आम्ही दारोदार गेलो. पैसे परत देऊन डब्या मागितल्या. अकरा मिळाल्या. चार संपल्या होत्या. एकीने देण्यास साफ नकार दिला. तिचा नवरा तिला आता गोरी म्हणून ओळखतो, असे ती म्हणाली. एक डबी नवरीबरोबर कुवेतला गेली होती. तिला फोन केला, डॉक्टरला दाखव म्हणून सांगितले. ती ठीक आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री फोन लागेपर्यंतचा वेळ आमच्या आयुष्यात कुठल्याही रिकाम्या महिन्यापेक्षा मोठा होता.

आपल्या मराठीत एक म्हण आहे : रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. गिऱ्हाईक नाही म्हणून न्हावी घराच्या कुडालाच तुंबड्या लावत बसतो, असा तिचा अर्थ. पूर्वी न्हावी हजामतीबरोबर तुंबड्या लावून बिघडलेले रक्त काढत. आपल्यात हिजामा म्हणतात तेच. ही म्हण आम्हाला लहानपणापासून ऐकवली गेली. रिकामा माणूस निरर्थक उद्योग करतो, असे ती हिणवून सांगते. धंद्याच्या नात्याने हा न्हावी आमचा चुलतभाऊच.

डब्यांच्या प्रकरणानंतर आमच्यातल्या मोठीने ही म्हण काढली आणि म्हणाली, "त्या न्हाव्याला उगाच हसतात. त्याने कुडालाच लावल्या ना? गिऱ्हाईक नाही म्हणून शेजाऱ्याच्या धडधाकट पाठीला तर नाही लावल्या."

आम्ही गप्प झालो. खरेच होते. ज्याला तुंबडीची गरज नाही त्याला "तुझे रक्त बिघडले आहे" असे पटवून देणे न्हाव्याला अवघड नव्हते. रिकाम्या महिन्यांत आम्ही नेमके तेच केले. ज्या मुलींच्या चेहऱ्याला काही झालेले नव्हते त्यांना त्यांचा रंग हा आजार आहे असे वाटू दिले आणि औषध विकले. न्हाव्याच्या उद्योगातून पैसा निघाला नाही, पण कुणाचे रक्तही निघाले नाही. शिवाय त्याचा हात सरावात राहिला. पुढे खरा रोगी आला तेव्हा तो हात कामाला आला असेल.

तेव्हापासून स्वतःला गुंतवून ठेवण्याच्या प्रश्नाकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. "रिकामे मन सैतानाचे घर" असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण आमचा अनुभव असा की सैतान रिकाम्या घरात येतो तसा भरलेल्या घरातही येतो, आणि घाबरून भरलेल्या घरात तर त्याला दारच उघडे मिळते. काम आहे की नाही, एवढ्यावरून माणूस चांगला की वाईट ठरत नाही. ते काम कुणाच्या जिवावर चालले आहे हे पाहावे लागते. हदीसमध्ये फुरसतीला आरोग्याच्या जोडीला बसवले आहे. दोन्ही नेमती, आणि दोन्हींत बहुतेक माणसे घाट्यात जातात असे बजावले आहे. घाटा हा व्यापारातला शब्द. आम्ही त्याचा अर्थ इतकाच घ्यायचो की वेळ वाया घालवू नये. आता वाटते, फुरसत मातीमोल विकणे हाही घाटाच आहे.

मग कुडाला लावायच्या तुंबड्या कोणत्या? आम्ही काय करतो ते सांगतो. यात थोर असे काही नाही.

पावसाळ्यात पहिले काम पेटीचे. कोकणातल्या दमट हवेत ब्रशांना बुरशी धरते. ते धुवायचे, केस खाली करून सुकवायचे, सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायचे. प्रत्येक डबीच्या मागे उघड्या झाकणाचे चित्र आणि महिन्यांचा आकडा असतो. उघडल्यापासून किती महिने वापरायचे ते तो सांगतो. मुदत संपलेले फेकायचे. हे फेकणे सोपे नाही. हजार रुपयांची बाटली अर्धी भरलेली असते आणि पुढचे काम दिवाळीनंतर असते. पण नवरीच्या डोळ्याला जुना मस्कारा लागला तर काय होते ते आम्ही पाहिले आहे.

दुसरे काम सरावाचे. आम्ही चौघी एकमेकींच्या चेहऱ्यांवर हात बसवतो. आमच्यातल्या दोघी चांगल्या सावळ्या आहेत. पूर्वी सावळ्या चेहऱ्यावर आम्ही दोन छटा उजळ फाउंडेशन लावत होतो. हंगामात विचार करायला वेळ नव्हता, आणि नवरीची आईही तेच मागत होती. फोटोत चेहरा राखाडी आणि मान वेगळी दिसायची. रिकाम्या दोन महिन्यांत बसून आम्ही पिवळट आणि लालसर छटा मिसळून आपापल्या रंगाचा बेस करायला शिकलो. गेल्या हंगामात कालुस्त्याकडच्या एका नवरीने आरशात पाहून "ही मीच आहे" असे म्हटले आणि तिची आई रडली. ते दृश्य पांढऱ्या डब्यांची भरपाई आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या पावसाळ्यांत आम्ही मुलींना त्यांचा रंग लपवायला शिकवत होतो, त्याच पावसाळ्यांत तो रंग सांभाळायला शिकता आले असते, हे तेव्हा कळले.

तिसरे काम आमच्यातली एकटीच करते. २०२१ च्या पुरानंतर तिच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या खाला वारल्या. बायकांच्या मय्यतीला गुस्ल देणारी जी बाई होती, तिचे गुडघे गेले होते. कुणीतरी म्हणाले, "हिला बोलवा, हिचा हात हलका आहे." ती घाबरली, पण गेली. चादर आड धरून कोमट पाण्यात बोरीची पाने, शेवटच्या पाण्यात कापूर, उजवीकडून सुरुवात, हे सगळे तिने त्या जुन्या बाईकडून खुर्चीवर बसून शिकून घेतले. शेवटी केस विंचरले. आमच्या शाफई घरांतून मय्यतीच्या केसांच्या तीन वेण्या घालतात. पैगंबरसाहेबांच्या कन्येला गुस्ल देताना उम्मे अतिया यांनी तशा घातल्याचे हदीसमध्ये आहे. ती सांगते, "शेकडो नवऱ्यांचे केस केले, पण तेव्हा हात जितका सावध होता तितका कधी नव्हता. चूक दाखवणारं कुणी नव्हतं ना."

त्या कामाला पैसे नाहीत, फोटो नाही, कुणी हिची शिफारस दुसऱ्याकडे करत नाही. त्या कामाचा हंगाम यावा अशी दुआ कुणी मागत नाही. तरीही ती पाऊस असो की मे महिना, बोलावले की जाते. लग्नाच्या घरातून उठूनही एकदा गेली. ती गेल्यावर उरलेले काम आम्ही पूर्ण केले आणि पैसे सारखे वाटून घेतले. भाव पाडण्यावरून ज्यांचे बोलणे बंद झाले होते त्याच आम्ही.

यावर कुणी म्हणेल, आणि आमच्यातलीच एक नेहमी म्हणते, की हे सारे पोट भरलेल्याचे शहाणपण आहे. मुलांची फी सप्टेंबरमध्ये भरायची असते, ती सरावाने भरत नाही. तिचे म्हणणे खरे आहे. उपाशी माणसाला नीयत सांभाळायला सांगणे सोपे, आणि सांगणाऱ्याने आधी त्याच्या ताटाकडे पाहावे. डब्या विकल्या त्या महिन्यात आमच्यातल्या एकीच्या घरी गॅस उधारीवर होता. हे सबब म्हणून सांगत नाही. पण भीती कमी केल्याशिवाय नीयत टिकत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

म्हणून दोन गोष्टी आम्ही आपसांत ठरवल्या. एक, किमान दर. त्याखाली कुणी जायचे नाही, आणि कुणाची परिस्थिती खरेच नसेल तर फुकट करायचे, पण निम्म्या भावात नाही. फुकट केल्याने कुणाचा भाव पडत नाही. दुसरी, भिशी. मे आणि डिसेंबरच्या प्रत्येक कामातून ठरावीक रक्कम बाजूला पडते आणि जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला एकीला उचल मिळते. हजरत यूसुफ यांनी सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठी राखले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आम्ही तीच आठ हजारांच्या हिशेबात उतरवली. भिशी सुरू झाल्यापासून पांढरी डबी घेऊन कुणी आले तर "नको" म्हणायला फार धैर्य लागत नाही.

पण दोन गोष्टी आमच्या हातात नाहीत, त्या वाचणाऱ्यांच्या हातात आहेत.

पहिली उधारीची. लग्नात मांडववाल्याचे, आचाऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकते होतात, कारण ते पुरुष दारात उभे राहतात. आमचे मात्र "घरातलीच आहेस, देऊ गं" असे होते आणि मे महिन्याचे बाकी पैसे मोहरममध्ये येतात. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण इतरांना अभिमानाने सांगतो. नवरीच्या कपाळावरचा टिका सुकण्याआधी दिली तरी आमची हरकत नाही.

दुसरी सफरची. मोहरममध्ये लग्न न करण्यामागची भावना आम्ही समजू शकतो. सफर अशुभ, त्याच्या तेरा तेजीत शुभकार्य नको, याला मात्र दीनमध्ये काही आधार नाही. सफरच्या अपशकुनाची समजूत पैगंबरसाहेबांनीच नाकारली होती. तरी आपल्या घरांत तो महिना बंद. दुसऱ्यांच्या मुहूर्ताला आपण हसतो आणि आपला पाळतो. या एका समजुतीमुळे नवरी सजवणारी, मेंदी काढणारी, मांडववाला, आचारी, बिर्याणीची भांडी घासणारी बाई, सगळ्यांचा एक महिना दर वर्षी कोरडा जातो. एखाद्या घराने सफरमध्ये निकाह केला तर त्याने सुधारणा केली असे आम्ही म्हणू. आणि काही घरांची चूलही त्याने पेटवली असेल.

एवढे सगळे करूनही काही दिवस उरतातच. पाऊस कोसळत असतो, ब्रश धुऊन झालेले असतात, फोन गप्प असतो. पूर्वी अशा दुपारी आम्ही काहीतरी शोधून काढत होतो. आता तशीच बसून राहण्याची सवय करतो आहोत. हंगामात सलग चार तास वाकून उभे राहिलेल्या पाठीला तेवढे देणे लागते. रिकामा वेळ म्हणजे प्रत्येक वेळी भरून काढायचा खड्डा असतो असे आता वाटत नाही. हिशेबाच्या दिवशी वेळ कुठे गेला हे विचारले जाईल, तेव्हा "त्या दुपारी कुणाचे वाईट केले नाही, लेकीच्या केसांत तेल घातले" एवढे उत्तर चालेल, अशी उमेद आहे.

गेल्या जूनमध्ये बाजारात पुन्हा ओळखीची बाई भेटली. पुन्हा तोच प्रश्न, "काय गं, सध्या रिकामीच ना?" आमच्यातल्या मोठीने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "हो, रिकामीच आहे. चल घरी, चहा टाकते."

ती बाई क्षणभर गोंधळली. मग आली. चहा पिताना तिने सांगितले की तिच्या नवऱ्याची आखातातली नोकरी मार्चपासून गेली आहे, आणि हे तिने अजून कुणालाच सांगितलेले नाही.